ढगाची हिशेबपट्टी

आमचे आप्पा सोलापूरच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडं दिवाणजी होते. कांद्याची आडत. सुट्टीत डबा पोचवायचं काम माझ्याकडं, आणि डबा ठेवून लगेच निघता यायचं नाही कारण हातातली पट्टी पुरी झाल्याशिवाय आप्पा जेवायचे नाहीत, मग मी तिथंच बारदानाच्या गठ्ठ्यावर बसून राहायचे, शिंकत. टरफलं अख्ख्या यार्डात उडत असायची, केसात, दप्तरात, डब्याच्या फडक्यात सुद्धा.

पट्टी म्हणजे काय हे शहरातल्या लोकांना सांगायला लागेल. शेतकरी माल आणतो, लिलाव होतो, आणि शेवटी त्याच्या हातात जो कागद पडतो ती हिशेबपट्टी. वर पिशव्या किती, वजन किती, दर काय. मग खाली वजावट, एकेक ओळ करून, हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी उचल घेतली असेल तर ती. तळाला हातात पडणारी रक्कम आणि सही. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या पट्टीचा फोटो सगळ्या देशात फिरला होता, आठवत असेल, ५१२ किलो कांदा, किलोला १ रुपया दर, आणि सगळी वजावट होऊन हाती २ रुपये ४९ पैसे. तेव्हा ऑफिसात सगळे त्या दोन रुपयांवर हळहळत होते आणि मी मात्र झूम करून वजावटीच्या ओळी वाचत बसले होते. वाचता येत होत्या म्हणून तर देशाला कळलं ना की ५०९ रुपये गेले कुठं. नुसता दोन रुपयांचा चेक हातात पडला असता आणि पट्टीच नसती तर तो बिचारा भांडणार कशाच्या जोरावर?

आप्पा जुन्या काळातली हत्ता पद्धत सांगायचे, रुमालाखाली हात घालून बोटं दाबून दर ठरवायचा, बाकी कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. "रुमालाखाली काय झालं ते रुमालालाच माहीत" म्हणायचे.

तर मुद्दा. मी फिजिक्सची बीएस्सी, मग एमसीए, आता पुण्यात एका कंपनीत टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्याच्या कोडमध्ये खोट काढायचा पगार घेते. आणि गेली दोनेक वर्षं फावल्या वेळात माझा एक नाद आहे जो सांगितला की लोक आधी "अरे वा" म्हणतात आणि मग मोबाईल काढतात. संशोधन करणारी विमानं ढगात घुसून जी मोजमापं घेतात, त्या मोजमापांचं आकड्यात रूपांतर करणारी ओपन सोर्स, म्हणजे कोड कुणालाही उघडून बघता येतो अशी, सॉफ्टवेअर मी वाचते. वाचते म्हणजे खरोखर वाचते, रात्री जेवण झाल्यावर, कादंबरी वाचावी तशी.

हे खूळ आप्पांमुळंच लागलं. पुण्याच्या आयआयटीएमचा, म्हणजे पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा, कायपिक्स नावाचा प्रयोग २००९ पासून चालू होता आणि २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात तो सोलापूरच्या आकाशात आला. फोनवर आप्पा रोज सांगायचे, "आज पण विमान फिरायलंय गं वर." यार्डात दोन पक्ष. एक म्हणायचा पाऊस पाडायलेत, दुसरा म्हणायचा हेच ढग पळवायलेत. प्रयोग असा होता की बी, म्हणजे पाऊस पडावा म्हणून ढगात सोडायचे मिठासारखे बारीक कण, टाकायला योग्य वाटणारे ढग निवडायचे, त्यातल्या काहींत बी टाकायचं आणि काही तसेच सोडायचे आणि मग फरक बघायचा. २०२३ मध्ये त्यावरचा निबंध अमेरिकन मेटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आला, एकूण २७६ ढग, आणि पेपरवाल्यांनी हेडिंग काय दिलं तर सोलापूर भागात १८ टक्के जास्त पाऊस. मी उत्साहात आप्पांना फोन केला. पलीकडं थोडा वेळ शांतता, मग, "अठरा टक्के कशाचे? आणि वजावट किती धरली?"

मला हसू आलं. नंतर रात्री झोप येईना. कारण मला उत्तर माहीत नव्हतं. त्या निबंधाला नावं ठेवायची म्हणून नाही हं, त्यात त्यांनी काय केलं ते सांगितलेलं आहे, पण त्याच्याही खालची जी पायरी, म्हणजे ढगात इतके थेंब आहेत, इतकं पाणी आहे, वारा इतक्या वेगानं वर चाललाय, हे आकडे विमानातून खाली येतात कसे, तेच मला ठाऊक नव्हतं. (आपल्याकडं हा खेळ नवा नाही, १९७३ ते १९८६ च्या दरम्यान याच संस्थेनं बारामतीच्या भागात अकरा पावसाळे विमानातून मीठ टाकलं होतं, मिठात शंखजिऱ्याची पूड मिसळून, गुठळ्या होऊ नयेत म्हणून. तेव्हाचा आकडा २४ टक्के. म्हणजे टक्केवारीची परंपरा आपली जुनी आहे.)

तर शोधायला लागले आणि पहिला धक्का हा बसला की विमान काहीच मोजत नाही. म्हणजे आपल्याला हवं ते काहीच मोजत नाही. सेन्सर देतात व्होल्टेज. तापमान, वारा, थेंब, हे सगळं नंतर हिशेब करून काढलेलं.

तापमानाचंच घ्या. थर्मामीटर बाहेर लावला की झालं असं मला वाटायचं. पण विमान सेकंदाला १०० मीटर वेगानं हवेवर आदळतंय, ती हवा सेन्सरपाशी अडते, दाबली जाते आणि तापते. १०० मीटरच्या वेगाला जवळपास ५ अंशांनी. २०० मीटरला २० अंशांनी, कारण वेग दुप्पट झाला की हे चौपट होतं. म्हणजे जेट विमानाचा थर्मामीटर जे दाखवतो त्यातून वीस अंश वजा केल्यावर बाहेरची हवा मिळते, आणि ती वजावट किती करायची ते वेगावर ठरतं, आणि वेग काढायला तापमान लागतं. बरं, हवा पूर्णपणे अडतही नाही, थोडी निसटते, म्हणून आणखी एक गुणांक, जो त्या सेन्सरच्या घडणीवर अवलंबून. हा गोतावळा सुटतो कसा तर आधी नुसत्या दाबावरून मॅक आकडा, म्हणजे विमानाचा वेग आवाजाच्या वेगाच्या किती पट ते, काढायचा, त्यावरून तापमान, मग दोन्हीवरून वेग. क्रम चुकला की गाडी रुळावरून खाली.

वाऱ्याचं तर विचारूच नका. विमानाला स्वतःचा वेग आहे आणि हवेला तिचा. जीपीएस आणि जायरोवरून, म्हणजे विमान किती कललंय ते सांगणाऱ्या यंत्रावरून, जमिनीच्या तुलनेत विमान कसं चाललंय ते कळतं, नाकावरच्या भोकांच्या दाबावरून हवेच्या तुलनेत कसं चाललंय ते कळतं, आणि या दोन भल्या मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून उरतो तो वारा. बऱ्याच ढगांत हवा वर चढते ती सेकंदाला एखादा मीटर. आणि विमानाच्या कोनात ०.१ अंशाची चूक झाली तर १०० मीटरच्या वेगाला ती चूक होते १७ सेंटिमीटर. ०.१ अंश! आमच्या फ्लॅटची फरशी त्यापेक्षा जास्त कललेली आहे. म्हणून मग ही विमानं मोकळ्या आकाशात मुद्दाम गोल गोल फिरतात, नाक वरखाली करतात, त्याच रेषेवरून उलटं जातात, का तर वारा तर तोच आहे मग उलटं गेल्यावर वेगळा दिसतोच कसा, जेवढा वेगळा दिसला तेवढी आपल्याच काट्याची चूक.

थेंब मोजायचे तर लेझरच्या झोतातून जाणारे थेंब मोजतात, पण किती हवेतले थेंब? झोताचा कामाचा भाग असतो साधारण पाव चौरस मिलिमीटर, शाईच्या ठिपक्याएवढा. त्याला १०० मीटरनं गुणा, सेकंदाला २५ घनसेंटिमीटर हवा. खोकल्याच्या औषधाचे पाच चमचे. अख्ख्या ढगाबद्दल जे काही बोलायचं ते या चमच्यांवरून. आणि इथं पण तोच वेग भागाकारात बसलाय, म्हणजे वर वेगाचा घोळ झाला तर तापमान गेलं, वारा गेला आणि थेंबसुद्धा गेले.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट बर्फाच्या कणांची आहे. कित्येक वर्षं विमानं सांगत होती की बर्फाळ ढगांत बारीक बारीक कण प्रचंड आहेत. लोकांनी त्यावर निबंध लिहिले. मग संशय यायला लागला, की हे कण खरंच ढगात आहेत का आपण तयार करतोय? म्हणजे मोठा बर्फाचा कण उपकरणाच्या टोकावर आपटतो, फुटतो, आणि त्याचा चुरा लेझरमधून जातो, आणि मशीन मोजतं एक, दोन, तीन, वीस. २००९ मध्ये कॅनडात अलेक्सी कोरोलेव्ह आणि मंडळींनी जुनी टोकं आणि नवीन घडणीची टोकं लावलेली उपकरणं शेजारी शेजारी ठेवून विमान उडवलं आणि फरक डोळ्यांनी दिसला, जुन्या पद्धतीच्या आकड्यांत चुऱ्याचा हिस्सा भरपूर होता. नुसती टोकं बदलून भागत नाही, हिशेबातही कापावं लागतं. ढगातले खरे कण एकमेकांपासून ऐसपैस अंतरावर असतात, चुरा मात्र एकाच ठिकाणी फुटलेला त्यामुळं दाटीवाटीनं येतो, एक सेंटिमीटरचं अंतर म्हणजे या वेगाला सेकंदाचा दहा हजारावा भाग. तर दोन कणांमधला वेळ फार कमी असेल तर दोघांनाही काढून टाकायचं. कडताच तो! यार्डात पिशवीमागं माती-टरफलाचा म्हणून जो कापायचे तो.

आणि इथंच मी अडकले, कारण कडता किती कापायचा हे ठरवणार कोण? तो वेळेचा उंबरठा जरा सरकवला की ढगातला बर्फ बदलतो. म्हणजे आकाशात काहीच घडलेलं नसतं, फक्त कोडमधली एक ओळ बदललेली असते. ती ओळ मला दिसली पाहिजे का नको?

ही ओळ बऱ्याच ठिकाणी दिसते हे कळलं तेव्हा खरंच बरं वाटलं. अमेरिकेत नॉर्थ डकोटा विद्यापीठात डेव्हिड डेलीन यांचं अदपा म्हणून पॅकेज आहे, त्यावरचा त्यांचा निबंध २०११ चा. सगळी स्क्रिप्टं उघडी. कच्चा डेटा जपायचा आणि वरचं सगळं पुन्हा पुन्हा नव्यानं काढता आलं पाहिजे हा त्यातला आग्रह, म्हणजे कच्ची वही फाडायची नाही, खतावणी हवी तितक्या वेळा परत लिही. बर्फाच्या कणांच्या सावल्यांवरून हिशेब करणारं सोडा म्हणून एक आहे, अमेरिकेतल्याच एनकार या वातावरण संशोधन केंद्रातलं. त्यात गंमत अशी की सोडाचा कोड फुकट पण तो ज्या आयडीएल भाषेत लिहिलाय तिचं लायसन विकत घ्यायला लागतं. देवळाचं दार उघडं आणि पायरीला तिकीट. फुकटातला पर्याय आहे म्हणा, पण मी टेस्टर आहे, "जवळपास सारखंच चालतं" हे वाक्य ऐकलं की मला घाम फुटतो.

माझं लाडकं मात्र एगॅड्स. युरोपातल्या देशांची संशोधन विमानं एकत्र आणणारं युफार म्हणून जाळं आहे, २००० सालापासूनचं, त्यांनी पायथनमध्ये केलेलं. यात मला भावलं ते हे की एकेक सूत्र म्हणजे एकेक सुटी फाइल आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिलेलं, हे कशासाठी, आत काय काय लागतं, कुठल्या एककात, बाहेर काय येतं, सूत्र कुणाकडून घेतलं. आणि नावं! खऱ्या वेगाचं, म्हणजे हवेच्या तुलनेत विमान किती जोरात चाललंय त्याचं, सूत्र एकच नाहीये तिथं. एकाच्या नावाच्या शेवटी सीएनआरएम, म्हणजे तुलूझची फ्रेंच हवामान संस्था, दुसऱ्याच्या शेवटी रॅफ, म्हणजे एनकारचा विमान विभाग. म्हणजे घराणी आहेत घराणी! यमन तोच पण किराण्याचा वेगळा, ग्वाल्हेरचा वेगळा, आणि तुम्ही कुणाचा गाताय ते आधी सांगा. विज्ञानाची पुस्तकं आपल्याला शाळेत असं कधी सांगत नाहीत, तिथं सूत्र म्हणजे आकाशवाणी. इथं सूत्राला गाव आहे.

मी अर्थातच शहाणपणा करून ते न वापरता स्वतःची स्क्रिप्ट लिहिली. एका खुल्या संग्रहातून एका उड्डाणाची फाइल घेतली, दाब होते, तापमान होतं, म्हटलं चला खरा वेग काढू, सूत्र तर बीएस्सीला होतंच की. रात्री साडेअकरा. पहिला आलेख आला तो बघून मी पाणी पिऊन आले. विमान उडताना साधारण सेकंदाला ३३ मीटर, म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एक्सप्रेसवेवरची शिवनेरी. मग जसजसं वर चढतंय तसतसा वेग कमी. काही वेळानं ताशी पन्नासच्या खाली, माझ्या अॅक्टिव्हाएवढा. मग आणखी हळू, आणखी हळू, आणि मग विमान हवेत थांबलं. पूर्ण थांबलं. त्यापुढं आलेखच नाही, नुसती कोरी जागा.

अर्धा तास मी दाबाच्या कॉलमवर संशय घेतला, मग सेन्सर बंद पडला असेल म्हटलं, मग फाइल बनवणाऱ्यांना मनातल्या मनात बोलले. साडेबाराला कधीतरी सहज विमान जिथं थांबलं तिथलं तापमान बघितलं. शून्य. बरोबर शून्य अंश. सूत्राला हवं होतं केल्विन, म्हणजे सेल्सियसमध्ये २७३ मिळवून येतं ते, आणि मी देत होते सेल्सियस. तापमानाचं वर्गमूळ काढायचं असतं त्यात, तर शून्य अंशाला वेग शून्य आणि शून्याखाली ऋण संख्येचं वर्गमूळ, म्हणून कोरी जागा. खरं विमान त्या वेळी मजेत ताशी साडेतीनशेच्या वर चाललेलं.

पोरखेळ चूक आहे. मी माझ्या टीममधल्या नवीन मुलाला यावरून झापलं असतं. पण मला भीती कशाची वाटली सांगते, ते उड्डाण शून्याखाली गेलं म्हणून विमान थांबलं आणि मला कळलं. समजा चूक २७३ ची नसती, दीड-दोनची असती तर? आलेख सुंदर आला असता. तो मी ब्लॉगवर टाकला असता. एगॅड्समध्ये प्रत्येक आकड्याला त्याचं एकक चिकटलेलं असतं आणि सूत्रात शिरताना ते तपासून हव्या त्या एककात बदलून घेतलं जातं, ते मला आधी उगीच नखरे वाटायचे, त्या रात्रीनंतर नाही वाटत.

त्या फाइलबद्दल पण सांगायला हवं कारण ती मला फार आवडते. नासा एम्स फॉरमॅट म्हणतात त्याला, नासाच्या एम्स केंद्रातल्या गेन्स आणि हिपस्किंड या दोघांनी बसवलेला. साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. पहिल्या ओळीत पहिलाच आकडा काय तर वर मथळ्याच्या ओळी किती आहेत तो, म्हणजे माझी प्रस्तावना छत्तीस ओळींची आहे, एवढं ऐकून घ्या आणि मग आकड्यांना हात घाला. दुसऱ्या ओळीत माणसाचं नाव. तिसरीत संस्था, मग उपकरण किंवा विमान, मग मोहीम. सातव्या ओळीत दोन तारखा, एक हवा मोजली ती, दुसरी हिशेब शेवटचा केला ती. दोन तारखा! पट्टीवर पण आवकेची तारीख वेगळी आणि पट्टीची वेगळी. खाली प्रत्येक कॉलमसाठी एक आकडा की जिथं मोजमाप झालंच नाही तिथं आम्ही काय लिहिलंय, बहुतेक नुसते नऊ नऊ नऊ. हा नीट वाचला नाही तर सरासरी काढताना नव्व्याण्णव हजार अंशाचं तापमान बिनबोभाट मिसळतं. कुणाला झालंय असं विचारू नका.

नेटसीडीएफ म्हणून डेटा ठेवायचा दुसरा एक फॉरमॅट आहे, त्या फाइलींची सवय नंतर लागली, ब्रिटिशांच्या फाम या संशोधन विमान चालवणाऱ्या संस्थेच्या विमानामुळं. हे जी-लक्स नावाचं चार इंजिनांचं बीएई १४६, म्हातारं विमान, त्या मॉडेलचा पहिलावहिला नमुना म्हणून जे बनलं तेच लांबवून केलेलं. २०१६ च्या मे ते जुलै ते आपल्याकडं होतं, लखनौ आणि बंगळूरुहून मान्सूनमध्ये उडायला. तो डेटा संग्रहात आहे आणि त्यांचा हिशेबाचा कोडही आता गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर उघडा ठेवलेला आहे. त्या फाइलीत तापमानाचे दोन कॉलम, कारण थर्मामीटर दोन, एक बर्फ साचू नये म्हणून गरम ठेवलेला आणि एक साधा. दोघांचं जमत नाही. थोडं थोडं कायम वेगळं. आणि प्रत्येक कॉलमच्या शेजारी एक झेंड्याचा कॉलम, ० म्हणजे बरा आहे, मग १, मग २, आणि ३ म्हणजे नाहीच. मला त्या दोन थर्मामीटरचं न जमणं जाम आवडतं, चोरून एकच ठेवता आला असता की.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर माझ्यातली टेस्टर मला माफ करणार नाही. एक म्हणजे ही सॉफ्टवेअर दोन-चार माणसांच्या खांद्यावर असतात. प्रकल्पाचा निधी असतो तोवर कोड हलता राहतो, निधी संपला की शेवटची नोंद अमुक वर्षांपूर्वी. एका ठिकाणी मी एककाच्या टिपणीतली चूक दाखवली, एकच अक्षर, आठ महिने झाले, उत्तर नाही. राग नाही येत, ज्यानं ते लिहिलं त्याची नोकरीच बहुतेक बदललेली असणार, आणि मीही काय एक अक्षर दाखवून मोकळी झाले. दुसरं, कोड उघडा असला तरी कॅलिब्रेशनचे आकडे अनेकदा वेगळ्या फाइलीत, ती फाइल कुणाच्या तरी लॅपटॉपवर. म्हणजे पट्टी छापील आहे पण काटा कधी तपासला ते विचारायचं नाही. आणि काही उपकरणं आपल्या पोटातच हिशेब करून तयार आकडा बाहेर देतात, कंपनीचं गुपित म्हणून. रुमाल.

तिसरं, वाचतं कोण? मी वाचते, मला झोप येत नाही म्हणून. हजार लोकांनी डाउनलोड केलं म्हणजे हजार लोकांनी सहाव्या फाइलीतली त्रेचाळिसावी ओळ बघितली असं थोडीच असतं. यार्डातही शंभरातले नव्वद जण पट्टी घडी करून खिशात घालतात. पण आप्पा म्हणायचे की उरलेले दहा कोण ते आधी कळत नाही, म्हणून शंभर नीट लिहायच्या.

या दिवाळीत सोलापूरला गेले तेव्हा ती नासा एम्सची फाइल प्रिंट काढून नेली होती. आप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण कागद हातात आला की तर्जनी आपोआप ओळीखाली जाते. इंग्रजी शब्द मी सांगत गेले, आकडे त्यांना कळतातच. छत्तीस ओळींचं सांगितलं तर मान डोलावली. नाव बघितलं. दोन तारखा बघितल्या, "एवढ्या उशिरा पट्टी?" म्हणाले, दोन्हींत सात महिन्यांचं अंतर होतं. नवांच्या रांगेवर बोट थांबलं.

"हे काय गं?"

"तिथं मोजलंच नाही आप्पा. मशीन बंद होतं."

"मग रेघ मारायची."

"कॉम्प्युटरला रेघ कळत नाही."

त्यावर हुं. मग मी वाऱ्याचं सांगितलं, विमानाचा वेग कसा वजा करतात ते, आणि मला वाटलं हे अवघड जाईल, तर मी वाक्य पुरं करायच्या आत म्हणाले, "म्हणजे बारदान." पिशवीसकट वजन घ्यायचं आणि पिशवीचं वजा करायचं. मी म्हटलं हो, अगदी तेच, फक्त इथं बारदान शंभर किलोचं आणि माल एक किलोचा. तापमानाचं पण तसंच, आदळून आलेली उष्णता वजा करायची.

आई फराळाची ताटली ठेवून गेली. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ढगात जातं ना हे विमान? पाण्यात?"

"हो."

"मग बारदान भिजत असेल. ओल्या बारदानाचं वजन किती धरता?"

मी हातातली चकली खाली ठेवली. कारण नेमकं हेच आहे. ढगात शिरलं की थर्मामीटर ओला होतो, ओलं सुकताना थंडावा येतो, आकडा खाली घसरतो, किती घसरतो ते पाणी किती, थेंब केवढे, वेग किती, सेन्सर कसा यावर, आणि माणसं कित्येक वर्षं त्याच्या मागं आहेत आणि याची सगळीकडं चालेल अशी वजावट अजून कुणाच्याच कोडमध्ये नाही.

"त्याचं नीट जमत नाही अजून," मी म्हटलं. "तिथं झेंडा लावतात."

"झेंडा?"

"म्हणजे बाजूला खूण करतात, की हा आकडा ओल्यात घेतलेला आहे."

"शेरा मारतात म्हण की." आप्पांनी प्रिंटआउट घडी करून पाकिटाशेजारी ठेवला. "पावसाळ्यात आम्ही पण शेराच मारायचो. दुसरं काय करणार."